ओट्यापासून उणे तीस

४ एप्रिल, शनिवार

जुनं घर पाडलं, तिथे आता दोन भावांची दोन घरं होणार; आज त्यांचं शून्य ठरलं. सॉफ्टवेअरमध्ये घर उभं करायचं तर आधी शून्य कुठे ते सांगावं लागतं. मग फरशी, खिडकी, स्लॅब सगळं त्या शून्यापासून वर किंवा खाली मोजलं जातं. आमचं अख्खं अड्याळ गाव सडकेपासून मोजतं. ‘सडकेपासून तीन फूट जोतं’ म्हटलं की मिस्त्री कामाला लागतो. पण सडकेवर दर दोन-चार वर्षांनी नवा थर चढतो आणि काल उंच असलेली घरं आज खड्ड्यात जातात. म्हणून मी समोरच्या हनुमान मंदिराचा ओटा शून्य धरला. तो जागचा हलत नाही. शिवाय आमच्या मोहल्ल्यात मारुतीच्या ओट्यापेक्षा कोणी आपलं जोतं उंच करत नाही. म्हणजे आमच्या फरशा सगळ्या शून्याच्या खाली, उणे. आकडा जितका मोठा तितकं घर खाली. मी ज्यांच्यासाठी घरबसल्या मॉडेलं करते ते नागपूरचे साहेब म्हणाले असते, हे कुठलं उफराटं शून्य. त्यांना काय, त्यांना मारुतीसमोर राहायचं नाही.

मामाजी, म्हणजे माझे सासरे खुशालजी, मागे खुर्ची टाकून बसले होते. त्यांची एकच अट. “मोठ्याचं जोतं धाकट्याच्या चार बोटं वर पाहिजे. आमच्या बापानं तसंच केलं, आताही तसंच होईन.” मोठे म्हणजे माझे भासरे मनिष, धाकटा म्हणजे माझा नवरा भूपेंद्र. भूपेंद्रने मान हलवली. आमच्या घरात टेबलफॅन आणि भूपेंद्र, दोघंही मान हलवण्यापलीकडे फारसं काही करत नाहीत.

मी दात-ओठ खाऊन आकडे टाकले. भासऱ्यांचं घर उणे तीस सेंटिमीटर, आमचं उणे चाळीस. त्यांच्या अंगणातलं पाणी उताराने आमच्याकडे येणार, आणि आमच्या घरात सडकेकडची खोली माझ्या कामाची. जुन्या घरात माझी खोली सगळ्यात खाली होती. दोन वर्षांपूर्वीच्या भादव्यात तिच्यात पाणी शिरलं, कॉम्प्युटर बुडाला आणि नागपूरचं काम हातचं जाता जाता राहिलं. पुन्हा तसं झालं तर साहेब दुसरी मुलगी बघतील, आणि मी भूपेंद्रच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलत बसेन.

आकडे टाकताना रिताताई, माझी मोठी जाऊ, खांद्यावरून पाहत होती. स्वयंपाकघराच्या खिडक्या तिला स्वतः बघता याव्यात म्हणून फाइल कशी उघडायची, आकडे कुठल्या तक्त्यात बदलायचे, हे मीच तिला शिकवलंय. तिने विचारलं, “काहून वो रेणू, मोठा आकडा कोणाचा?”

“आमचा,” मी म्हणाले.

ती हसली. मामाजींकडे एकदा पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, “मी नाही सांगत कोणाले.” काय सांगत नाही, ते काही बोलली नाही. मला ते हसणं आवडलं नाही.

७ एप्रिल

काल नागपूरला जाऊन आले. भंडाऱ्याला एसटी बदलताना जीव गेला, इतकं ऊन. आज फाइल उघडली तर आमचं घर उणे पन्नास. मी चाळीस टाकले होते, नक्की चाळीस. उन्हानं डोकं फिरलं असेल म्हणून मुकाट्यानं दुरुस्त केलं.

१२ एप्रिल, रविवार

उणे साठ.

आता ऊन नाही आणि डोकंही नाही. पाणी कुठेतरी मुरतंय. काल दिवसभर मी पवनीला लग्नात होते, कॉम्प्युटर इथेच, या भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत. त्याला हात लावणारं कोण? मामाजी त्याला भितात. भासरे सकाळपासून उन्हाळी धानाला पाणी द्यायला शेतावर. भूपेंद्र त्यावर फक्त क्रिकेट बघतो, आणि चार वेळा माझ्याकडून लावून घेतो. राहिलं कोण? जिला मी माझ्या हाताने शिकवलं ती.

दहा सेंटिमीटर खाली होतो तेवढ्यानं बाईचं समाधान झालं नाही. तीस खाली पाहिजे. त्यांच्या अंगणाचं पाणी तर येईलच, आणि आकडा असाच वाढत गेला तर सडकेचंही येईल. मंदिराचा ओटा सडकेहून फक्त मीटरभर उंच आहे, तेवढ्यात किती उतरायचं?

जुन्या घरात पाणी शिरलं तेव्हा सगळ्यात आधी हीच धावली होती. लुगड्याचा पदर खोचून कॉम्प्युटरचा डबा डोक्यावर घेतला आणि गुडघाभर पाण्यातून बाहेर काढला. तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं. आता वाटतं, माझ्या खोलीत पाणी नेमकं कुठून शिरतं ते तिला त्याच दिवशी कळलं असेल.

पुन्हा चाळीस केले. कोणाला काही बोलले नाही.

१३ एप्रिल

आज तांदूळ निवडताना तिनेच विषय काढला. मी काढला नव्हता, हे इथे लिहून ठेवते.

“तुझी कामाची खोली कोरडी राहिली पाहिजे, बस,” ती म्हणाली. “बाकी घराचं काही होवो.”

“होईल ना कोरडी,” मी म्हणाले. “का नाही होणार?”

“होईन, होईन,” ती म्हणाली आणि पुन्हा तेच हसू. “तू फक्त मामाजीसमोर आकडे वाचू नको जोरानं.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मामाजींसमोर आकडे वाचले तर कोणाची चोरी उघडी पडेल? चार बोटांच्या जागी हातभर फरक दिसला तर मामाजीच म्हणतील, हे काय. त्यांनी चार बोटं सांगितली होती, धाकट्याला पुरायला नव्हतं सांगितलं.

भूपेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, “वहिनीले विचारून तर पाहा.” हा जन्मभर असाच राहणार. चोराला विचारायचं का, बाबा, चोरी केली का म्हणून?

आणि विचारलं तर काय होईल ते मला माहीत आहे. ती रडेल. मामाजी म्हणतील, धाकटी आली तेव्हापासूनच भांडखोर. अकरा वर्षं एका चुलीवर काढली आहेत, मला सगळ्यांची रडणी पाठ आहेत.

१६ एप्रिल, गुरुवार

सापडली.

ताई सकाळपासून कैरीच्या लोणच्याचा मसाला करत होती, हात पिवळे. मी मुद्दाम सांगितलं, बँकेत चालले, दोन तास लागतील. खरं म्हणजे देवळाच्या मागे चंद्रभागाबाईंकडे जाऊन बसले आणि त्यांच्या सुनेच्या तक्रारी ऐकल्या. परत येऊन बघते तर आमचं घर उणे ऐंशी, आणि कीबोर्डवर आठच्या बटणावर हळद. पुसलीसुद्धा नव्हती. इतकी हिंमत.

उणे ऐंशी म्हणजे सडकेपासून फक्त वीतभर वर. एक जोराचा पाऊस आणि मी पाण्यात.

ती तेवढ्यात बरणी घेऊन आली आणि म्हणाली, “हे तुमच्या घराचं लोणचं. वेगळं भरून ठेवलं, नवीन घरात न्यायले.” मी बरणी घेतली. तोंडावर गोड बोलून पायाखालचं जोतं काढून घ्यायचं, ही कला माझ्या आईने मला शिकवली नाही.

फार वाईट वाटलं. राग तर आलाच, पण राग बरा, तो निघून जातो. वाईट यासाठी वाटलं की या घरात मला कोणी आपलं वाटत असेल तर तीच होती. मी हे कधी कुठे लिहिलं नव्हतं.

१९ एप्रिल, रविवार

जशास तसं.

आज मी बसले आणि आमचं घर उणे तीस केलं. भासऱ्यांचं उणे साठ. मग आकड्यांना कुलूप लावलं. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे, टाचणी टोचून ठेवल्यासारखं, मग कोणी कितीही बटणं दाबो. आता त्यांचं घर हातभर खाली आणि आमच्या अंगणाचं पाणी त्यांच्याकडे. घ्या लोणचं.

सगळे नकाशे छापून प्रविण ठेकेदाराला दिले. त्याने लेव्हलचा कागद पाहिला आणि डोकं खाजवलं. “बाई, मोठे भाऊ खाली कायले? बाबा तर उलटं सांगून राहिले होते.”

“सॉफ्टवेअरनं ढाळ तसा काढला,” मी म्हणाले. “नालीचा उतार तिकडे आहे.”

नालीचा उतार तिकडे नाही. पण प्रविणला वाद नको, त्याला काम संपवून पावसाआधी लाखांदूरची साइट धरायची आहे. शुक्रवारी जोत्याचं काँक्रीट टाकतो म्हणाला. एकदा काँक्रीट टाकलं की ते काय ताईच्या हळदीच्या बोटाने हलणार आहे?

जेवताना मामाजींनी विचारलं, “झालं का मोठ्याचं वर?” मी म्हणाले, झालं. शुक्रवारनंतर त्यांना कळेलच, तेव्हाचं तेव्हा बघू.

२१ एप्रिल

साइटवर काँक्रीटसाठी फळ्या बसल्या. मला बघायला जावंसं वाटत नाही. ताई मात्र आज भासऱ्यांचा डबा देऊन येता येता तिकडून आली. प्रविणकडचा कागद बघितला म्हणे. संध्याकाळी कणीक मळताना दोनदा माझ्याकडे पाहिलं.

आता कळलं असेल की रेणू काही झोपलेली नाही. उद्या काहीतरी होणार. मी काय काय बोलायचं ते मनात लावून ठेवलंय. हळदीचं बटण आधी सांगायचं.

२२ एप्रिल, बुधवार

जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच ते माझ्या सोयीनं आठवेन.

दुपारी लाइट गेली होती. मामाजी झोपलेले. ताई पन्ह्याचे दोन पेले घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. मी तयारीतच होते. ती म्हणाली, “प्रविणजवळचा कागद पाहिला काल.”

“बरं,” मी म्हणाले.

“आमचं साठ, तुझं तीस.”

“हो.”

मग ती रडायला लागली. मी म्हणाले होतेच, ती रडेल. पण ती जे बोलली ते माझ्या तयारीत नव्हतं.

“असं कायले केलं वो तू? मी तुले वर करून राहिली होती अन् तू उलट मलेच वर करून ठेवलं. तुझ्या खोलीचं काय मग? पाणी आलं त मी काय पुन्हा डबा डोक्यावर घेऊन पळू? आता वय झालं माझं.”

मला काही कळेना. मी म्हणाले, “ताई, तुम्ही काय केलं होतं?”

तिने डोळे पुसले आणि सांगितलं. पहिल्या दिवशी तिने बघितलं, तिचं तीस आणि माझं चाळीस. सडकेपासून तीस आणि सडकेपासून चाळीस, असंच तिने धरलं, जसं सगळं गाव धरतं. आकड्यापुढची रेघ सगळ्यांपुढेच होती, तिने म्हटलं, राहत असेल तशी. तिला वाटलं, रेणूने मामाजींच्या नाकाखाली आपलं घर वर घेतलं. “मी म्हटलं, बरं केलं. एकडाव बुडाली, आता कायले खाली राहीन? मी नाही सांगत कोणाले.” पण दहाने काय होतं, असं तिला वाटलं. म्हणून तिने पन्नास केले. मी ते पुन्हा चाळीस केले, तर तिला वाटलं मी मामाजींना भिऊन मागे घेतलं. मग साठ. मग ऐंशी. “म्हटलं तू भेकड आहे, आपणच करून द्यावं.”

मी हसायला लागले. असं हसू मला वर्षात आलं नसेल. पंधरा दिवसांचं ओझं उतरलं. मी तिचा हात धरला, ओढत खिडकीशी नेलं आणि मंदिराचा ओटा दाखवला. “ताई, शून्य तिथे आहे. सडकेवर नाही. आपण ओट्यापासून खाली मोजतो. साठ म्हणजे ओट्यापासून साठ खाली. आकडा मोठा झाला की घर खाली जातं.”

ती ओट्याकडे बघत राहिली, मग सडकेकडे. बोटाने हवेत काहीतरी मोजलं. “म्हणजे ऐंशी करून मी तुले सडकेवर आणून बसवलं होतं?”

“अगदी सडकेवर.”

“हातभार लावायले गेली अन् बुडवून आली,” ती म्हणाली आणि तीही हसायला लागली. आम्ही दोघी पदर तोंडात घालून हसलो, मामाजी उठतील म्हणून. मी म्हणाले, हळदीचं बटण मी बघितलं होतं. ती म्हणाली, हाय रे देवा. मी तिला मिठी मारणार होते. तितक्यात तिचं हसू थांबलं.

“मग आमचं साठ?”

मी अजून हसत होते. तोंड हसायचं थांबायला वेळ लागतो.

“तुझं तीस अन् आमचं साठ,” ती म्हणाली. “म्हणजे आम्ही खाली. मी त आमच्या आकड्याले हात नाही लावला.”

मी खिडकीबाहेर ओट्याकडे बघितलं.

“चुकून झालं असन,” ती म्हणाली. मला वाटतं तिने ते माझ्यासाठी म्हटलं. नुसतं हो म्हणायचं होतं, एक अक्षर. ती मान्य करायला तयार बसली होती. भूपेंद्रसारखी मान हलवली असती तरी चाललं असतं.

“नाही,” मी म्हणाले. “मला वाटलं, तुम्ही मला बुडवताय.”

ती खाली बसली. पेला उचलला, माझ्या पुढ्यात ठेवला. “पिऊन घे,” म्हणाली, “गरम होऊन राहिलं.” आणि आत गेली. आत भांडी घासायचा आवाज येत राहिला, सकाळी घासलेलीच भांडी.

लाइट आल्यावर मी कुलूप काढलं. दोन्ही घरं उणे तीस केली, एका पातळीवर, दोघांचं पाणी आपापल्या नालीत. प्रविणला फोन केला आणि जुना कागद फाडायला सांगितला. तो म्हणाला, “बाई, तुमच्या सॉफ्टवेअरचा ढाळ लय फिरते.” मी म्हणाले, या वेळचा शेवटचा.

२४ एप्रिल, शुक्रवार

जोतं झालं.

सकाळी मामाजी साइटवर आले. फळ्या बघितल्या, वाकून डोळा लावला आणि आवाज चढवला. “हे सारखं कोणी केलं? मोठ्याचं चार बोटं वर सांगितलं होतं मी.” प्रविणने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार होते. मी केलं, हे सांगायचं ठरवूनच आले होते.

“मी सांगितलं,” ताई म्हणाली. “मोठी मी आहे. मले नाही पाहिजे चार बोटं.”

मामाजींनी एकदा तिच्याकडे, एकदा फळ्यांकडे बघितलं. मोठ्याचा मान मोठ्याने सोडला तर त्याला नाही कोण म्हणणार? “तुमचं तुम्ही पाहा,” म्हणाले आणि मंदिराच्या ओट्यावर जाऊन बसले.

मला वाटलं, झालं. तिने मला पाठीशी घातलं म्हणजे मिटलं. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. आभार मानायचे होते. ती प्रविणला म्हणाली, “काँक्रीट टाकायच्या आधी नळी लावून पाहू एकडाव.”

“बाई, लावली सकाळीच,” प्रविण म्हणाला. “दोन्ही बरोबर आहे.”

“पुन्हा लाव. माझ्यासमोर.”

त्याने पातळी तपासायची, पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली. एक टोक तिने स्वतः हातात घेतलं, तिच्या फळीला लावलं. दुसरं टोक कोणी धरायचं म्हणून मी पुढे झाले, आमच्या फळीला लावलं. मध्ये दोन्ही घरांची लांबी. नळीत पाणी वर-खाली झालं, मग हळूहळू थांबलं. माझ्याकडे खुणेला बरोबर. “थांबलं,” मी म्हणाले. “तुमच्याकडे?”

“थांबलं,” ती म्हणाली. तिची नजर पाण्यावर होती, माझ्याकडे नव्हती.

“मग बरोबर आहे, ताई.”

तिने मान हलवली. टोक खाली ठेवलं. मग उठून चालत माझ्या बाजूला आली, वाकली आणि माझ्या टोकातलं पाणी खुणेला आहे का ते स्वतः बघितलं.